भौतिकशास्त्रज्ञ म्हणावं कोणाला?

गावाच्या वेशीवर फ्लेक्स लागतो: ‘आपल्या गावचे सुपुत्र अमुक अमुक यांची इस्रोमध्ये शास्त्रज्ञपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुकांचे डझनभर फोटो. मुलगा बहुधा मेकॅनिकलचा किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर असतो, अवघड परीक्षा आणि मुलाखत पार करून गेलेला असतो, अभिनंदनाला पुरेपूर पात्र असतो. फ्लेक्सवरचा मजकूर खोटाही नसतो, कारण इस्रोत त्या पदाचं नावच ‘सायंटिस्ट/इंजिनिअर’ आहे. डीआरडीओत तर मधली तिरकी रेघही नाही, तिथे बी. टेक. झालेला तरुण थेट ‘सायंटिस्ट बी’ म्हणून रुजू होतो. उलट एखाद्या विद्यापीठात वर्षानुवर्षं स्फटिकांतून प्रकाश कसा विखुरतो याचा पाठपुरावा करणाऱ्या बाई सरकारदरबारी ‘सहयोगी प्राध्यापक’ असतात. त्यांचा फ्लेक्स कोणी लावत नाही, आणि शेजारीपाजारी त्यांना ‘फिजिक्सच्या मॅडम’ म्हणतात.

आपल्याकडे ‘शास्त्रज्ञ’ हा शब्द दोन टोकांना अडकला आहे. एका टोकाला तो सरकारी पद आहे, दुसऱ्या टोकाला ती जवळजवळ देवत्वाची पायरी आहे. या दोन्हींच्या मध्ये जो साधा व्यवसाय आहे, त्याला मराठीत रोजच्या वापरातलं नाव उरलेलं नाही. ‘भौतिकशास्त्रज्ञ’ या शब्दाचं नुकसान त्यात सर्वांत जास्त झालं. वकील, सुतार, शेतकरी हे शब्द आपण जसे वापरतो, म्हणजे माणूस काय करतो ते सांगायला, तसाच हा शब्द वापरला पाहिजे असं माझं म्हणणं आहे. पद, पदवी, पारितोषिक आणि प्रसिद्धी, चारही बाजूला ठेवून.

आधी आपल्या आदरस्थानांकडे बघू. डॉ. अनिल काकोडकर यांच्या नावामागे मराठी वर्तमानपत्रं हमखास ‘अणुशास्त्रज्ञ’ लावतात. ते मुंबईच्या व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि त्यांची हयात अणुभट्ट्यांच्या अभियांत्रिकीत गेली. वसंत गोवारीकर आणि रघुनाथ माशेलकर हे दोघेही रसायन अभियंते. एपीजे अब्दुल कलाम यांनी तिरुचिरापल्लीत भौतिकशास्त्रात बी. एस्सी. केलं खरं, पण पुढे मद्रासला जाऊन ते विमान अभियांत्रिकी शिकले आणि आयुष्यभर रॉकेटं नि क्षेपणास्त्रं घडवली. यांतल्या कोणाचंही कर्तृत्व कमी करण्याचा प्रश्नच नाही. उलट मला वाटतं, त्यांना ‘शास्त्रज्ञ’ म्हणून आपण नकळत अभियंत्याचाच अपमान करतो. जणू अणुभट्टी सुरक्षित चालवणं किंवा अग्निबाण आकाशात नेणं हे ‘नुसतं’ इंजिनिअरिंग, आणि गौरव करायचा तर वरच्या पायरीवरचा शब्द हवा. ज्या राज्यात विश्वेश्वरय्यांसारखा अभियंता पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला आणि ज्यानं खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारं बसवली, तिथे तरी ‘अभियंता’ हे बिरुद पुरेसं वजनदार असायला हवं होतं.

आता हा शब्द आला कुठून ते पाहू, कारण त्यात आपल्या कामाचं काहीतरी आहे. इंग्रजीत ‘फिजिसिस्ट’ हा शब्द 1840 साली विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्या विद्वानानं बनवला. त्याची अडचण मजेशीर होती. ‘फिजिशियन’ हा सरळ होणारा शब्द डॉक्टरांनी आधीच पटकावला होता. म्हणून भौतिकाची मशागत करणाऱ्यासाठी त्यानं नवा शब्द सुचवला. ‘मशागत करणारा’ ही माझी सजावट नाही, ह्यूएलच्या व्याख्येतलाच तो अर्थ आहे. गंमत अशी, की ज्याच्याकडे बोट दाखवून हा शब्द सहज वापरता आला असता त्या मायकेल फॅरडेला तो मुळीच आवडला नाही. हा शब्द तोंडाला आणि कानाला फारच अवघडल्यासारखा वाटतो, अशी त्याची तक्रार होती. पुस्तकं बांधायला शिकलेला, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला, गणिताशी फटकून असलेला फॅरडे स्वतःला निसर्गाचा तत्त्वज्ञ समजत राहिला. नाव नसताना काम चोख चाललं होतं.

मराठीत मात्र मशागतीचा हा अर्थ आलाच नाही. आपण ‘ज्ञ’ लावला. ज्ञ म्हणजे जाणणारा. गणितज्ञ, तज्ज्ञ, सर्वज्ञ. त्यातही ‘शास्त्र’ या शब्दामागे शास्त्रीबुवांची सावली होती. ज्यांनी 1832 साली ‘दर्पण’ काढलं ते बाळशास्त्री जांभेकर नव्या विद्या शिकवत होते तरी लोकांच्या मनात ‘शास्त्री’ म्हणजे ग्रंथ मुखोद्गत असलेला, शंका विचारली की वचन फेकणारा माणूस. शास्त्र सांगितलं जातं, शास्त्रार्थ केला जातो, शास्त्रात काय लिहिलंय ते पाहिलं जातं. शोधलं जात नाही. एकोणिसाव्या शतकात ‘पदार्थविज्ञान’ हा शब्दही प्रचारात होता. तो मला अजून आवडतो, पण आज तो उच्चारला की स्वयंपाकघराची आठवण होते, हे मान्य केलंच पाहिजे. मराठी विश्वकोशानं वेगळी वाट धरली. त्यात विषय ‘भौतिकी’ आणि माणूस ‘भौतिकीविज्ञ’. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या अस्सल शास्त्र्याच्या देखरेखीखाली वाईला तयार झालेल्या या ग्रंथानं ‘शास्त्रज्ञ’ टाळून ‘विज्ञ’ घेतला, हे मोठं गमतीचं आहे. पण ‘भौतिकीविज्ञ’ विश्वकोशाच्या खंडांबाहेर पडला नाही. आणि ‘भौतिक’ या पहिल्या अर्ध्या भागाचीही अडचण आहेच. प्रवचनात ‘भौतिक सुखांच्या मागे लागू नका’ असं लहानपणापासून ऐकलेल्या कानांना ‘भौतिक’ म्हणजे फ्रिज, गाडी आणि मोह. अशा शब्दाला ‘शास्त्रज्ञ’ जोडला की आईबापांच्या डोळ्यांपुढे काय उभं राहत असेल, देव जाणे.

तर ‘जाणणारा’. हा अर्थच मुळात चुकीच्या दिशेला नेतो. भौतिकशास्त्रज्ञाचा दिवस बहुतेक वेळ न कळण्यात जातो. आणि जे कळलं असं त्याला वाटतं तेही पुष्कळदा चुकीचं निघतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांना 1930 साली नोबेल मिळालं. पुढच्याच दशकात स्फटिकांतल्या अणूंच्या कंपनांबद्दल त्यांचा माक्स बॉर्न यांच्याशी मोठा वाद झाला. रामन आपल्या मताला चिकटून राहिले आणि त्या वादात बॉर्न बरोबर ठरले. लॉर्ड केल्विननं पृथ्वीचं वय काही कोटी वर्षांपुरतं मर्यादित ठरवलं, कारण पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेबद्दलचं त्याचं गृहीतक अपुरं होतं. केल्विन आणि रामन दोघेही पहिल्या दर्जाचे भौतिकशास्त्रज्ञ. चूक करणं हे त्यांच्या पेशाच्या आतलंच होतं.

जयंत नारळीकरांच्या बाबतीत आपण हे कसं हाताळलं? मे 2025 मध्ये ते गेले तेव्हा मराठीत भरभरून लिहिलं गेलं. विज्ञानकथा, पुण्यातली आयुका ही खगोलसंशोधन संस्था, फलज्योतिषाविरुद्धची त्यांची चाचणी, नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, साधी राहणी. मी वाचलेल्या बहुतेक लेखांत एक गोष्ट मात्र ओझरतीच होती: हा माणूस भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नेमकं काय म्हणत होता? फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी 1964 साली गुरुत्वाकर्षणाचा एक वेगळा सिद्धांत मांडला. विश्व एका क्षणी महास्फोटातून जन्मलं हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. पुढच्याच वर्षी विश्वात सर्वत्र पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक जग महास्फोटाच्या बाजूला गेलं. नारळीकर मात्र नव्वदीच्या दशकातही हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह स्थिर विश्वाची, म्हणजे सुरुवातच नसलेल्या विश्वाची, सुधारित आवृत्ती मांडत राहिले. म्हणजे आपल्या सर्वांत लाडक्या शास्त्रज्ञाचं मुख्य वैज्ञानिक मत बहुसंख्य सहकाऱ्यांना पटलेलं नव्हतं. हे सांगायला आपण कचरतो, कारण ‘ज्ञ’ हरला असं वाटतं. माझ्या मते नारळीकरांचा सगळ्यांत रोमांचक भाग तोच आहे. पुरावा समोर ठेवून, समीकरणं मांडून, अल्पमतात उभं राहून आयुष्यभर भांडणं, यालाच तर हा पेशा म्हणतात.

मग कोणाला म्हणायचं? मी एक ढोबळ कसोटी लावतो. या माणसासमोर जड सृष्टीबद्दलचा असा एखादा प्रश्न आहे का, ज्याचं उत्तर अजून कोणत्याच पुस्तकात नाही, आणि तो त्यावर मोजमापानं किंवा गणितानं काम करतो आहे का? असेल तर तो भौतिकशास्त्रज्ञ. या कसोटीवर 1912 साली कलकत्त्यातल्या अर्थखात्याच्या कचेरीत हिशेब तपासणारा, आणि कचेरीच्या आधी नि नंतर बहुबाजार स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेत तारांची कंपनं मोजणारा रामन बसतो, जरी त्याच्या पगारपत्रकावर अर्थखातं लिहिलेलं होतं. 1905 सालचा बर्नच्या पेटंट कचेरीतला आइन्स्टाइन बसतो. डॉक्टरेट नसलेले सत्येंद्रनाथ बोस बसतात. ढाक्याहून 1924 मध्ये त्यांनी आइन्स्टाइनना पाठवलेला निबंध डॉक्टरेटवाल्यांच्या गठ्ठ्यापेक्षा जड ठरला. पुण्यात पीएच. डी. करणारी, अजून प्रबंध पूर्ण न झालेली मुलगीही बसते. तिला आपण ‘विद्यार्थिनी’ म्हणतो. ते खरंच आहे, पण अपुरं आहे.

कसोटीची दुसरी बाजूही पचवावी लागेल. बारावीच्या क्लासमध्ये विद्युतचुंबकत्व अप्रतिम शिकवणारे सर भौतिकशास्त्रज्ञ नव्हेत. ते शिक्षक आहेत, आणि चांगला शिक्षक मिळणं ही भौतिकशास्त्रज्ञ मिळण्याइतकीच दुर्मीळ गोष्ट आहे. (आज देशातल्या पोरांच्या तोंडी असलेलं या विषयाशी जोडलेलं सर्वांत परिचित नाव ‘फिजिक्सवाला’ हे एका कोचिंग कंपनीचं आहे. खरं सांगायचं तर ‘वाला’ हा प्रत्यय ‘ज्ञ’पेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटतो. जो ज्याचा धंदा करतो, तो त्याचा वाला.) होमी भाभांनी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित मांडलं, हायटलर यांच्याबरोबर वैश्विक किरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. तेव्हा ते निःसंशय भौतिकशास्त्रज्ञ होते. 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करताना आणि पुढे अणुऊर्जा आयोग चालवताना ते प्रामुख्यानं संस्थापक आणि प्रशासक होते. दुसरी भूमिका देशाला कदाचित जास्त उपयोगी पडली. पण दोन्हींना एकच शब्द चिकटवला की तरुणांना वाटतं, मोठा भौतिकशास्त्रज्ञ म्हणजे दिल्लीत फाइली घेऊन बसणारा.

इथे नोबेल पारितोषिकाचा आधार घेऊन चालत नाही, हे 2024 सालानं दाखवून दिलं. त्या वर्षीचं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं, कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्यांवरच्या कामासाठी. हॉपफील्ड मुळातले भौतिकशास्त्रज्ञ. हिंटन यांची पदवी प्रायोगिक मानसशास्त्रातली आणि ख्याती संगणकविज्ञानातली. त्यांनी ‘बोल्ट्झमन मशीन’ रचताना संख्याशास्त्रीय भौतिकीची हत्यारं वापरली, हे खरं. पण त्यांचा प्रश्न यंत्र शिकतं कसं हा होता. दुसऱ्याची कुऱ्हाड आणून लाकूड फोडलं म्हणून माणूस लोहार होत नाही. पारितोषिक भौतिकशास्त्राचं, माणूस भौतिकशास्त्रज्ञ नव्हे, या वाक्यात मला तरी काही विसंगत दिसत नाही. रदरफर्डला 1908 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं म्हणून आपण त्याला केमिस्ट म्हणत बसत नाही.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असं कोणी विचारेल. शब्द सैल झाला तर बिघडलं काय?

बिघडतं ते असं. ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ या दोन शब्दांना आपल्याकडे प्रचंड पत आहे आणि ती उसनी घेणारे पुष्कळ आहेत. ‘क्वांटम’ हा शब्द टाकून आजार बरे करणारे, पाण्याला चांगले विचार ऐकवून त्याचे स्फटिक सुंदर होतात असं सांगणारे, वास्तूची ऊर्जा मोजणारे. व्यासपीठावर त्यांची ओळख करून देताना ‘ज्येष्ठ शास्त्रज्ञ’ म्हटलं की सभागृह मान डोलावतं. त्या माणसाचा प्रश्न काय होता, त्यानं काय मोजलं, कोणी तपासलं, हे विचारायची सवयच नाही, कारण शब्द कामाला बांधलेला नाही. भाषेचा गोंधळ यात भर घालतो. विश्वकोशात ‘ज्योतिर्विद’ म्हणजे ग्रहताऱ्यांचा अभ्यासक. रविवारच्या पुरवणीत ‘ज्योतिर्विद’ म्हणजे मेषेला धनलाभ सांगणारा. आणि खरोखरीचा भौतिकशास्त्रज्ञसुद्धा निवृत्तीनंतर शेअर बाजार, शेती आणि शिक्षणधोरण यांवर बोलू लागला की त्याच्या प्रत्येक वाक्याला समीकरणाचं वजन येतं. त्याचं मत ऐकावं, पण नागरिकाचं मत म्हणून.

दुसरं नुकसान मुलामुलींचं. शब्द इतका उंच ठेवला की तिथवर पोचण्याची शिडी दिसत नाही. ‘मोठेपणी डॉक्टर होणार’ हे घरात सहज म्हणता येतं. ‘भौतिकशास्त्रज्ञ होणार’ म्हटलं की घर एकतर हसतं, नाहीतर भारावतं. पगार किती, कुठे नोकरी, किती वर्षं शिकावं लागतं, हे कोणी विचारत नाही. वास्तविक पहिले प्रश्न तेच असायला हवेत. मुलींना हा शब्द आणखी लांब वाटतो. ‘शास्त्रज्ञ’ शब्दाला मराठीत लिंग नाही, ‘ती शास्त्रज्ञ आहे’ हे वाक्य निर्दोष आहे, तरी बातमीत ‘महिला शास्त्रज्ञ’ आलंच पाहिजे असा जणू नियम. रोहिणी गोडबोले पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या, एस. पी. कॉलेजात, मग मुंबई आयआयटीत आणि अमेरिकेत स्टोनी ब्रुकला. मूलकणांच्या टकरींमध्ये फोटॉन कसे वागतात यावर त्यांनी केलेलं काम जगभरच्या प्रवेगकांची, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांची, आखणी करणाऱ्यांना लक्षात घ्यावं लागलं. ऑक्टोबर 2024 मध्ये त्या गेल्या. पुण्यातल्या किती शाळकरी मुलींना हे नाव माहीत आहे? विभा चौधुरींची तर गोष्टच नको. चाळीसच्या दशकाच्या आसपास फोटोग्राफीच्या काचांवर वैश्विक किरणांचे माग शोधणाऱ्या, टाटा संस्थेत घेतल्या गेलेल्या पहिल्या स्त्री संशोधक. त्यांच्या नावानं 2019 मध्ये एका ताऱ्याला ‘विभा’ हे नाव मिळालं, तोवर त्यांना जाऊन बरीच वर्षं लोटली होती. तारा मिळाला, पाठ्यपुस्तकात धडा मात्र नाही मिळाला.

आदर राहू द्या, समाजाला नायक हवेत, असा एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. 28 फेब्रुवारीला, रामन परिणामाच्या दिवशी, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचं आवार खुलं होतं आणि आसपासच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग घेऊन येतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या तबकड्या बघून जी भारावतात, त्यांच्यातलीच काही पुढे या वाटेला लागतात. भारावण्याला माझी ना नाही. फक्त ते तबकडीपाशी थांबू नये. गोविंद स्वरूप यांनी कोंबडीच्या खुराड्याची वाटावी अशी साधी तारेची जाळी वापरून या दुर्बिणी स्वस्तात उभ्या केल्या, ही गोष्ट सांगितली तर आदर कमी होत नाही, आणि ‘हे मलाही सुचलं असतं’ असा किडा मात्र डोक्यात शिरतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारनं तिला सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांत लेझर, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल टिपायची. अमेरिकेतल्या अशाच यंत्रानं 14 सप्टेंबर 2015 रोजी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा पकडली, आणि तसला सिग्नल गोंगाटातून वेगळा काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी त्याच्या दोन दशकं आधीपासून काम करत होते. औंढ्याला कामं अनेक तऱ्हेची निघतील. नळ्या जोडणारे वेल्डर, निर्वात पंप सांभाळणारे तंत्रज्ञ, आरसे टांगणारे अभियंते, प्रोग्रामर, आणि भौतिकशास्त्रज्ञ. बातमीदारांनी ‘शास्त्रज्ञांची टीम’ म्हणून सगळ्यांना एका गोणीत भरू नये. ज्याचं काम त्याचं नाव, एवढं मराठवाड्यातल्या वार्ताहरांनी पहिल्या दिवसापासून पाळलं तरी खूप झालं.

नावं वेगळी ठेवली म्हणून भिंती उभ्या राहतील ही भीतीही निराधार आहे. लायगोच्या कल्पनेसाठी 2017 मध्ये नोबेल मिळालेले रायनर वाइस एमआयटीतून नापास होऊन बाहेर पडले होते आणि एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून कामाला लागले होते. तिथूनच ते आत आले. उद्या औंढ्याच्या आयटीआय झालेल्या एखाद्या मुलानं पंपाची थरथर सिग्नलमध्ये का दिसते याचा छडा लावायला घेतला, महिनोन्महिने नोंदी ठेवल्या आणि कोणाच्याच पुस्तकात नसलेलं कारण शोधून ते चारचौघांपुढे सिद्ध केलं, तर त्या कामापुरता तो भौतिकशास्त्रज्ञ. पदयादीत त्याच्या नावापुढे काहीही लिहिलेलं असो.